जेवणाआधी किती होती?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४४. दिवाळीनंतर सारखी तहान लागायची, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागायचं. लातूरला रक्त तपासलं तर उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६४ आणि तीन महिन्यांची सरासरी ८.४ निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ दिली आणि साखर मोजायचं मशीन घ्या म्हणाले. कधी मोजायचं ते सांगितलं नाही. मी दिवसातून पाच-सहा वेळा मोजते. गहू, भात बंद केला, फक्त ज्वारीची भाकरी खाते, तरी दुपारी २३० येते. रात्री जेवले नाही तर सकाळी १६०! एकाच वेळी दोन बोटांना टोचलं तर एकदा १८१ आणि एकदा १६९. खरा आकडा कुठला? मानधनातून पट्ट्यांचा खर्च झेपत नाही. सासूबाईंना आणि जावांना अजून सांगितलेलं नाही. मुलगी १९ वर्षांची आहे, तिच्या सोयरिकीत अडचण येईल असं मालक म्हणतात. आता येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तोंडावर आली. रानात सगळ्या भावकीचं जेवण असतं. तिथं काय खाऊ आणि काय सांगू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, पण मला हवा तो एक आकडा नाही. दुपारी २३० आली, त्या जेवणाआधी किती होती?

समजा आधी १९० होती. मग त्या जेवणानं फक्त ४० वाढवली, म्हणजे जेवण अगदी बरोबर होतं; मुळातलीच साखर अजून खाली आलेली नाही आणि ते काम औषधाचं आहे, त्याला थोडे आठवडे द्यावे लागतात. समजा आधी १२० होती. मग त्याच जेवणानं ११० वाढवली आणि आपल्याला ताटाकडे बघावं लागेल. आकडा दोन्ही वेळेला २३०च, पण करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या. मोटार लावण्याआधी विहिरीत पाणी किती होतं हे बघितलंच नाही, तर मोटारीनं किती उपसलं ते कुणी सांगू शकणार नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पेशंटला मी जोडीनं मोजायला सांगते : पहिला घास घेण्याआधी एकदा, आणि त्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा एकदा. जेवण संपल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून.

यासाठी रोज पाच-सहा वेळा बोट टोचायची गरज नाही. तुम्ही फक्त मेटफॉर्मिनवर आहात. या गोळीनं एकटीनं साखर धोकादायक खाली जाणं क्वचितच घडतं, त्यामुळे रोजच्या पहाऱ्याचं कारण नाही. आठवड्यातले तीन दिवस ठरवा. पहिल्या आठवड्यात त्या तिन्ही दिवशी फक्त सकाळच्या न्याहारीची जोडी, दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या जेवणाची, तिसऱ्यात रात्रीच्या. शिवाय आठवड्यातून एकदा उठल्याउठल्या उपाशीपोटी. सात पट्ट्यांत आठवडा निघतो. अंगणवाडीच्या रजिस्टरासारखी एक वही घाला : तारीख, आधी, नंतर, आणि शेवटच्या रकान्यात काय खाल्लं ते. 'भाकरी' एवढंच लिहू नका. किती भाकरी, कालवण कशाचं, सोबत काय, चहात साखर होती का. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ही वही उघडलीत की पाच मिनिटांत जे कळेल, ते मशीनमधले शंभर सुटे आकडे बघूनही कळणार नाही.

मोजून काय साधायचं आहे? बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत. तुम्ही आत्ता तिथं नाही आणि पहिल्या महिन्यात तिथं असायलाच हवं असंही नाही. आकडे हळूहळू त्या दिशेला सरकतायत ना, एवढंच बघायचं. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, जिला लॅबवाले एचबीएवनसी म्हणतात, तीही तीन महिने झाल्यावरच पुन्हा करा. आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर जी साखर चिकटते तीच त्यात मोजली जाते. पंधरा दिवसांनी केली तर जुनाच हिशेब पुन्हा हातात येईल. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना जरूर विचारा : तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? लोह कमी असलं तर ही सरासरी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडच्या बायकांत लोह कमी असणं काही नवं नाही.

आता १८१ आणि १६९. दोन्ही खरे. बोटावरच्या मशीनसाठी मान्य असलेला आंतरराष्ट्रीय निकषच असा आहे की साखर १०० च्या वर असताना शंभरातली ९५ मापनं लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत यावीत. म्हणजे खरी साखर १७० असेल तर मशीनला १४५ पासून १९५ पर्यंत मुभा आहे. त्या बारा आकड्यांच्या फरकासाठी दुसरी पट्टी वाया घालवू नका.

पण काही फरक हातामुळे पडतात आणि तुमच्या कामात ते फार सहज होतं. मुलांना गोड शिरा वाढला, गूळ फोडला, पेरू कापला आणि नुसता पदराला हात पुसून बोट टोचलं, तर बोटावरची साखरही मोजली जाते आणि आकडा भलताच चढतो. साबणानं हात धुवा, पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो आणि साखर कमी दिसते. बोटाच्या मधल्या गादीवर टोचू नका, कडेला टोचा, तिथं दुखतं कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवा. बोट फार पिळलं तर रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करायची आणि पत्र्याच्या घरात, चुलीजवळ किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवायची नाही. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर माठाशेजारच्या सावलीच्या कोपऱ्यात, जिथं ओल लागणार नाही अशा जागी.

अजून एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही पण मी गावोगाव बघते. मशीन घरात आलं की शेजारणी येतात, 'माझीपण बघ गं जरा.' मशीन बघू द्या, सुई मात्र कुणाला देऊ नका आणि टोचायचं पेनही देऊ नका. कावीळ ब त्यातून पसरते. ज्यांना तपासायचं आहे त्यांना आरोग्य केंद्रात पाठवा. तीस वर्षांवरच्यांची साखर तिथं फुकट तपासतात, आणि मेटफॉर्मिनही तिथं मिळते. तुमचाही औषधाचा खर्च तिथून वाचवता येईल, विचारून बघा.

रात्री न जेवता सकाळी १६० कशी, हा प्रश्न मला फार आवडला, कारण तुम्ही स्वतः बघून तो विचारला आहे. आपलं यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, आणि पहाटे तीन-चारपासून शरीर उठायची तयारी करू लागलं की काही संप्रेरकं तो वेग वाढवतात. मधुमेहात त्याला लगाम घालणारं इन्सुलिन अपुरं पडतं. मेटफॉर्मिन मुख्यतः याच ठिकाणी काम करते. म्हणून सकाळचा आकडा बघून रात्रीचं जेवण तोडायचं नाही. आठच्या आत बेतानं जेवा आणि गोळी जेवणानंतर लगेच घ्या. सुरुवातीला पोटात गुडगुडतं, जुलाब होतात. बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. नाहीच थांबलं तर डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या प्रकारची देतील. स्वतःहून बंद मात्र करू नका, आणि कुणी कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड 'गोळीऐवजी' घ्या म्हणालं तर ऐकू नका.

ज्वारीबद्दल. भाकरी चांगलीच, ती सोडायची नाही. पण 'भाकरीनं साखर वाढत नाही' ही समजूत सोडायची. आपल्याकडच्या एका मोठ्या भाकरीला ७० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं आणि त्यात ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन भाकऱ्या आणि वर पातळ वरण असं जेवण असेल तर २३० येण्यात नवल नाही. दीड भाकरी करा, जमल्यास एक, आणि रिकाम्या जागी दाट कालवण : मटकीची उसळ, तुरीचं घट्ट वरण, अंबाडी, मेथी, शेपू, जे माळवं रानात असेल ते. ठेच्याऐवजी शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. ही अदलाबदल करा आणि लगेच एक जोडी मोजा. आपल्या ताटातला बदल आपल्याच वहीत दिसला की माणूस तो टिकवतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की ओट्स आणि ब्रोकोलीचे छापील तक्ते पेशंटच्या हातात देणं मला मनापासून पटत नाही. चहातली साखर मात्र काढाच. गूळ घालून फायदा नाही, रक्ताच्या दृष्टीनं तो साखरच.

येळवस. माझं माहेर निलंग्याकडचं, त्यामुळे कडब्याच्या कोपीतलं ते जेवण मला न सांगता कळतं. ताई, त्या दिवशी पोटभर जेवा. भज्जी तुमच्यासाठी उत्तम : ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, पालेभाज्या, बेसन, सगळं पोटाला धरून ठेवणारं. तीच भरपूर घ्या. बाजरीच्या पिठाचा उंडा आणि खिचडी यांपैकी एकच, तेही एकदाच. आंबील वाटीभर, गोड न करता. खीर देवाला दाखवलेल्या नैवेद्यातली दोन-तीन चमचे, सगळ्यात शेवटी. पाया पडून झालं की बांधाबांधानं सगळं रान फिरून या. पाय तेवढे अनवाणी नकोत, हे आता कायमचं. काळ्या रानातला काटा किंवा ढेकळाची जखम उशिरा कळू शकते आणि भरायला वेळ घेते. रोज रात्री तळपाय आरशात बघायची सवय आत्ताच लावून घ्या. आणि डोळ्यांचा पडदा व लघवीतली प्रथिनं एकदा आताच तपासून घ्या, पुढच्या वर्षी नको. हा आजार कळण्याआधी काही वर्षं शरीरात असू शकतो.

आता काय सांगायचं. खरं सांगा, ताई. भावकीत नको, पण सासूबाईंना त्या आधी सांगा. चूल एक आहे. त्यांना माहीत नसेल तर त्या प्रेमानं दुसरा उंडा वाढणार, तुम्ही नाही म्हणणार आणि त्यांना तो अपमान वाटणार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. ज्या घरात सोयरीक कराल त्या घरातही कुणाला तरी असण्याची शक्यता आहेच. मालकांना माझ्या वतीनं सांगा : हा आजार शिवून होत नाही. आईला असल्यानं मुलीला पुढं होण्याची शक्यता वाढते हे खरं आहे, आणि म्हणूनच तिला माहीत असायला हवं. तिचं वजन, तिचं खेळणं-चालणं, पुढं दिवस गेले की पहिल्याच तपासणीत साखर बघणं, हे सगळं तिच्या हातात आहे. लपवलं तर ते तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं होईल.

साखर सलग ३०० च्या वर राहिली, उलट्या झाल्या किंवा वजन झपाट्यानं उतरू लागलं, तर वहीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : मी चाकणला नोकरी करतो. आई ७० वर्षांची, केजजवळच्या गावात एकटी राहते. तिला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. मी रोज सकाळी फोन करून साखर किती आली विचारतो. १३० च्या वर असली की तिला रागावतो. परवा एकादशीला तिची साखर ६२ झाली, घाम येऊन ती ओट्यावर बसून राहिली. मला शेजारच्या काकूंनी कळवलं, आईनं नाही.

उत्तर : दादा, आईनं कळवलं नाही कारण तुमचा फोन आला की तिची परीक्षा सुरू होते. सकाळचा आकडा विचारणं आजपासून थांबवा. 'काल रात्री काय जेवलीस, घाम किंवा थरथर झाली का, पायाला काही लागलं का' हे विचारा. या वयात, एकट्या राहणाऱ्या माणसाला साखर थोडी जास्त असण्यापेक्षा एकदम कमी होणं जास्त घातक. तिचं लक्ष्य किती ढिलं ठेवायचं, हे तिच्या डॉक्टरांशी बोला.

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. उपवास आणि ही गोळी एकत्र आली की ६२ होणारच. हा आठवडा संपायच्या आत डॉक्टरांना ६२ चा आकडा सांगा. डोस कमी करावा लागेल किंवा गोळी बदलावी लागेल. उपवासाच्या दिवशी कुठली गोळी टाळायची ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. आईला एकादशी सोडायची नसेल तर तिचा मान राखा, पण निर्जळी नको. आणि साबुदाण्यानं साखर आधी भराभर चढते, त्यापेक्षा थोडी भगर, दही आणि शेंगदाण्याची आमटी बरी.

७० च्या खाली आली तर : तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग जेवायचं, उपवास असला तरी. या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, म्हणून तो पूर्ण दिवस कुणीतरी जवळ हवं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे काकूंना आजच फोन करून सांगा, आणि साखरेचा डबा कुठं असतो तेही.