पाणी तुंबल्यावर धावू नकोस

प्रिय,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. वळवाच्या पहिल्याच सरीत सोसायटीसमोर घोटाभर पाणी साचलं, त्याचा फोटो तू नगरसेवकांना पाठवलास, निळ्या खुणा आल्या आणि पुढे सामसूम. रोज रात्री नऊची चर्चा बघतेस, पण राजकारण काही कळत नाही. आणि गेल्या गणपतीत कणकवलीचं तिकीट मिळालं नाही म्हणून जनरलच्या डब्यात दाराशी बॅगेवर बसून गेलीस. तू या तीन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यास. मला ती एकच तक्रार वाटली. तिन्ही ठिकाणी तू गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचलीस.

रागावू नकोस. मी तर तीन वर्षं अशीच गाडी चुकवत होतो, आणि तेही पगार घेऊन. महापालिकेच्या बातम्या लिहायला लागलो तेव्हा दर जुलैत माझी एक बातमी ठरलेली असायची. अमुक चौकात पाणी तुंबलं, नागरिक हैराण, प्रशासन ढिम्म. फोटो चांगला यायचा, बातमी चार कॉलम लागायची आणि पुढच्या जुलैत पुन्हा तोच चौक. तिसऱ्या वर्षी एका कनिष्ठ अभियंत्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "तुम्ही जुलैत येता. जुलैत माझ्याकडे पंप असतो, पैसे नसतात. एकदा ऑगस्ट संपताना येऊन बघा." मला वाटलं, कटवतोय. तरी गेलो. त्याच्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या कामांच्या याद्या पडल्या होत्या आणि त्याला विचारायला कुणीही आलेलं नव्हतं.

शहर कसं चालतं हे त्या टेबलापाशी मला पहिल्यांदा कळलं. तिथे कोणत्या महिन्यात काय होतं ते सांगतो. हे कुठल्याच चर्चेत ऐकायला मिळणार नाही.

महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण त्याची पेरणी आदल्या पावसाळ्यातच होते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तिची जाहिरात निघते. पदपथ, दिवे, बाकडी, छोटी गटारं अशी किरकोळ कामं त्यातून सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. तीस-पस्तीस लाख वस्तीच्या शहरात हा अर्ज भरणारे किती थोडे असतात, हे बघून मला दर वर्षी नवल वाटतं. मग आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे मांडतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात आपली भर घालते आणि शेवटी सगळ्या नगरसेवकांची मुख्य सभा मंजुरी देते. एप्रिलनंतर एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर. तोवर पावसाळा येतो. रस्तेखोदाईची परवानगी साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल एवढ्याच काळात मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष कुदळ पडते ती दिवाळीच्या आगेमागे. आणि मार्चअखेर आली की निधी वाया जाऊ नये म्हणून सगळ्या शहरात एकदम धावपळ. मार्चमध्ये चांगला पदपथ उखडून नवा बसवताना दिसला की लोक चिडतात. मला आता त्यात कॅलेंडर दिसतं. चिडतो मीही, पण आधी तारीख बघतो.

म्हणजे हिशेब कर. आज मे महिना आहे. या वर्षाचे पैसे वाटून झालेत, खोदाई बंद झाली आहे. तुझ्या गल्लीतलं पावसाळी गटार या जूनआधी मोठं होणार नाही, मग तू कुणालाही कितीही फोटो पाठव. या महिन्यात होण्यासारखं काम एकच, चेंबरची साफसफाई. तेवढ्यासाठी आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेवरच्या मुकादमाला आणि ड्रेनेजच्या कनिष्ठ अभियंत्यांना भेट. नगरसेवकाकडे जाऊ नकोस. त्याला तू हा निरोप दिलास की तो फोन त्यांनाच लावतो.

आणि जुलैत तक्रार जरूर कर, पण भांडण म्हणून करू नकोस, नोंद म्हणून कर. प्रत्येक वेळी पाणी साचलं की पालिकेच्या ॲपवर तक्रार टाक, तिचा क्रमांक वहीत लिही, तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढ. सप्टेंबरपर्यंत सात-आठ क्रमांक जमतील. तो कागद सूचनेच्या अर्जाला जोडलास की अभियंत्याला एस्टिमेट करायला आधार मिळतो. त्याला वर जाऊन सांगावं लागतं ना, की हे काम का घ्यायचं. तेव्हा त्याच्या हातात काहीतरी हवं.

आणखी एक युक्ती. तुझ्या गल्लीतला रस्ता मागच्याच वर्षी झालाय असं तू लिहिलंयस. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाक. वर्क ऑर्डरची प्रत माग आणि त्या कामाचा दोषदायित्व कालावधी किती, ते विचार. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. रस्ता त्या मुदतीत असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. हे सांगितल्यावर समोरच्या माणसाचा आवाज बदलतो. हा अनुभव एकदा घेच.

आता नगरसेवक. तू लिहिलंस, "आमच्याकडे चार आहेत, नेमका कुणाला पकडू?" प्रश्न रास्त आहे. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक. पुण्यात १५ जानेवारी २०२६ ला तू मतदानाला गेलीस तेव्हा अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबलीस. चौघंही सगळ्या प्रभागाचे, म्हणून अडचणीच्या वेळी एकही कुणाचा नाही. काम झालं की मात्र चार फ्लेक्स लागतात. यावर माझा जुना तोडगा असा की पत्र एकच लिहायचं आणि वर चौघांची नावं ओळीनं घालायची. प्रत्येकाला कळलं पाहिजे की बाकी तिघांनाही हे पोचलंय. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच. एकाच पक्षाचे असतील तरी हरकत नाही, एका पक्षातली चुरस बाहेरच्यापेक्षा तिखट असते.

निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्यांच्यापैकी कुणाला फोन लावलास आणि पलीकडून पतिराज बोलायला लागले, तर नम्रपणे सांग, "मला मॅडमशी बोलायचंय." दोनदा, तीनदा सांगावं लागेल. मी पाहिलेल्या नगरसेविकांत अंदाजपत्रकाचं पुस्तक पानापानावर खुणा करून वाचणाऱ्या कितीतरी होत्या. त्यांच्यापर्यंत पोचूच न देणारे त्यांच्याच घरात बसलेले असायचे.

नगरसेवकाच्या हातात काय असतं, हेही बघून ठेव. त्याच्या वाट्याच्या निधीतून सहज होणाऱ्या गोष्टी म्हणजे बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या. रस्त्यातल्या बाकड्यावर ‘माननीय यांच्या संकल्पनेतून’ असं वाचून आपण हसतो. बाकडं ठेवायला कसली आलीय संकल्पना! पण ते बाकडं का येतं? ते दोन महिन्यांत होतं आणि दिसतं. जमिनीखालच्या पाइपवर नाव रंगवता येत नाही. तेव्हा गटारासारखं काम हवं असेल तर त्या माणसाला त्यात दिसण्यासारखं काहीतरी तूच शोधून द्यावंस. काम सुरू होताना नारळ फोडायला सोसायटीतले चाळीस लोक खाली उतरतील, एवढं सांगितलंस तरी पुरे. हे तुला खालच्या पातळीचं वाटेल. मला वाटत नाही. मतं मागणाऱ्याला लोक दिसावे लागतात, त्यात गैर काय?

मध्यंतरी जवळजवळ चार वर्षं हेही नव्हतं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सगळा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात चर्चेच्या कार्यक्रमांत पक्ष फुटले, चिन्हं गेली, सरकारं बदलली. तू ते सगळं मन लावून पाहिलंस. आपल्या प्रभागाला नगरसेवकच नाही, हे त्या काळात तुझ्या किती वेळा लक्षात आलं होतं? आलं नसेल तर दोष तुझा एकटीचा नाही. जे घडत नाही त्याचं चित्रण करता येत नाही.

टीव्ही बंद कर असं मी सांगणार नाही. मी स्वतः बघतो. आमच्या लहानपणी सिंहगडावरच्या टॉवरमुळे मुंबईचं दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. त्या टीव्हीची एक गंमत होती. तो संपायचा. ठरावीक वेळेला प्रसारण बंद, पडद्यावर मुंग्या, चला घरी. आताचा संपत नाही, म्हणून तो कधी बंद करायचा हे बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं. वाहिन्यांचं कॅलेंडर आठवड्याचं असतं, प्रेक्षकसंख्येचे आकडे गुरुवारी येतात आणि पुढचा आठवडा त्यावर बेतला जातो. तुझ्या गटाराचं कॅलेंडर चौदा महिन्यांचं आहे. या दोघांची गाठ पडणार कशी? नऊची चर्चा आठवड्यातून दोनदा बघ. उरलेल्यांपैकी एका संध्याकाळी पालिकेच्या संकेतस्थळावरचं अंदाजपत्रक उघड आणि त्यात तुझ्या प्रभागाचं नाव शोध. पहिल्यांदा काही कळणार नाही. ‘वर्गीकरण’ हा शब्द तेवढा लक्षात ठेव. एका कामाचे मंजूर पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याला ते नाव आहे. मंजूर झालेली कामं नाहीशी होतात ती बहुधा याच वाटेनं.

आता तुझ्या कणकवलीचं. इथे तर वेळापत्रक छापील आहे, तरी तू चुकलीस. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० होतं, घरी बाबा अजून तेच सांगत असतील. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. शुक्रवारी ११ तारखेला ऑफिस सुटल्यावर पुण्याहून बसनं पनवेल गाठायचं आणि रात्रीची गाडी पकडायची, असा तुझा बेत. त्यात एक खोच आहे. रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटणारी गाडी पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे तुझ्या तिकिटावर तारीख १२ सप्टेंबर पडेल. पण ६० दिवस मोजायचे ते गाडी जिथून निघते तिथल्या तारखेपासून, म्हणजे ११ पासून. आरक्षण उघडेल सोमवारी, १३ जुलैला सकाळी आठला. तू १२ वरून मोजून १४ जुलैला बसलीस तर वेटिंग लिस्टच हाती लागेल. मागच्या वर्षी तुझं हेच झालं असावं.

तत्काळच्या भरवशावर राहू नकोस. आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं उघडतं, आणि गणपतीत ते उघडल्यासारखं वाटेपर्यंत संपतं. कोकण रेल्वे तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर असते, तेही धर. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की चालकाला ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नसतं, त्यामुळे गाडीला ठरवूनच जादा वेळ दिलेला असतो. सकाळी आठला पोचते म्हणून गावाकडच्या काकांना स्टेशनवर बोलावून ठेवू नकोस.

परतीचं रविवारी २० सप्टेंबरचं हवं असेल तर ते २२ जुलैला, बुधवारी उघडेल. त्या दिवशी सकाळी आठला ऑफिसची मीटिंग घेऊ नकोस.

सूचनांच्या अर्जाची जाहिरात वर्तमानपत्रात आतल्या पानावर, अगदी बारीक येते. मला दिसली की कात्रण पाठवतो, तुला आधी दिसली तर तू पाठव. गणपतीच्या गडबडीत मुदत निघून जाऊ शकते, म्हणून गावी जायच्या आधीच अर्ज भरून टाकू. तुझ्या वहीतले तक्रारींचे क्रमांक घेऊन एखाद्या रविवारी घरी ये. अर्जातला ‘कामाचा तपशील’ हा रकाना फार लहान असतो, त्यात काय बसवायचं ते दोघं बसून लिहू.

तुझा,
काका