आधी वॉर्डात बस, मग जागेचं बघ

हेल्थकेअर इनक्युबेटर, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या नव्या कल्पनांना उभं राहायला मदत करणारं केंद्र, सुरू करायचं म्हटलं की जागा, फर्निचर, लोगो यांच्यामागे लोक आधी धावतात. तू आधी महिनाभर रुग्णालयाच्या वॉर्डात बस. कुठलं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलंय आणि का, हे सिस्टरांना नेमकं ठाऊक असतं. आम्ही पहिल्या वर्षी नुसते इंजिनीअर गोळा केले. डॉक्टर आले ते उद्घाटनाला. पुढचं तू ओळखशीलच.

गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचं काम बारकाईनं बघ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत प्रयोग, तुलनेला ४७ गावं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तरी 'आशा' ताईंमार्फत ही पद्धत देशभर न्यायची योजना २०११ मध्ये आली. ही मधली बारा वर्षं कमी करणं हेच तुझं खरं काम. कल्पना काय, ढीगभर मिळतात.

उपकरण असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम सुरुवातीलाच वाच, ए ते डी यांपैकी कुठल्या जोखीम-वर्गात बसतं ते ठरव. आणि रुग्णालयाच्या खरेदी विभागातल्या माणसाला पहिल्याच बैठकीला बोलाव. शेवटी बिल त्याच्याच टेबलावर अडतं.