अठरा हजारांच्या बेस गिटारचा आवाज चिखलासारखा येतो. पिकअप बदलू की नवीन बेसच घेऊ?

सध्या दोन्ही नको. आधी तारा बदला आणि ज्या डब्यातून तुम्ही तो बेस ऐकताय त्या डब्यावर संशय घ्या.

तुम्ही लिहिलंय की बेस फेंडर कंपनीच्या 'जॅझ बेस' मॉडेलच्या धर्तीचा आहे, दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबक आणि वेटोळं). दीड वर्ष झालं घेऊन, तारा दुकानातून आल्या त्याच आहेत. घरी १० वॉटच्या गिटार ॲम्पला जोडता. आवाज 'चिखल' वाटतो, वर घूंऽऽ चालूच असतं, आणि दुकानदार म्हणतो नऊ हजारांचे पिकअप टाका, सगळं सुटेल. हे वाचून मला मीच आठवलो. मी फोर्टात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. चौदा वर्षांत तीन बेस झाले, तिन्ही वीस हजारांच्या आतले, आणि त्यातल्या एकावर बेसच्याच किमतीएवढा खर्च करून बसलोय. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

पहिलं म्हणजे ॲम्प. बेसच्या मोकळ्या ई तारेचा, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा, सूर ४१.२ हर्ट्झचा. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार याच्या बरोबर दुप्पट, ८२.४. तुमचा ॲम्प त्या गिटारसाठी बनवलाय, त्यात सहा-साडेसहा इंची स्पीकर असणार. ४१ हर्ट्झ त्याच्या बापाला जमणार नाही. आपण जो सूर ऐकतो तो त्याच्या वरच्या हार्मोनिकांवरून, म्हणजे दुप्पट-तिप्पट कंपनांच्या उपसुरांवरून, कान जुळवून घेतो. त्यात तुम्ही 'अजून बेस पाहिजे' म्हणून बेसचा नॉब पूर्ण फिरवला की तो कागदी कोन नुसता फडफडतो. तुम्ही ज्याला चिखल म्हणताय तो बहुतेक हाच.

मोठा ॲम्प घरी आणला की वेगळी मजा. मी हौसेने १२ इंची स्पीकरचा बेस ॲम्प आणला होता, आमच्या १० बाय १२च्या खोलीत. बाकी सगळे सूर बरे, पण ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी, नेक म्हणजे गिटारची लांब मान), म्हणजे एफ शार्पला बोट पडलं की शेजारच्या काकूंच्या मांडणीवरची ताटं वाजायची. मला वाटलं नेक खराब आहे, तिथे 'हॉट स्पॉट' आहे वगैरे. मग हिशेब केला. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आवाज साठून राहतो, आणि एफ शार्प ४६च्या जरा वर. १० फुटांच्या बाजूला ५६, म्हणजे मोकळ्या ए तारेच्या अगदी शेजारी. म्हणजे दोष खोलीचा होता आणि मी नेकला शिव्या घालत होतो. ॲम्प कोपऱ्यातून काढून खुर्चीवर ठेवला तेव्हा काकूंनीच येऊन विचारलं, वाजवणं सोडलंस का रे?

म्हणून आवाजाचा निकाल घरी देऊ नका. तासाच्या भाड्याने मिळते ती जॅम रूम घ्या, तिथे खरा बेस ॲम्प असतो. सगळे नॉब मध्यावर ठेवा आणि वाजवा. ते जमत नसेल तर ऑडिओ इंटरफेस (बेस थेट कॉम्प्युटरला जोडायची डबी) आणि बरे हेडफोन. मोबाइलवर रेकॉर्ड करून मोबाइलच्याच स्पीकरवर ऐकणं मात्र नको, त्यातून बेस कळत नाही, फक्त बोटांची टकटक कळते.

आता तारा. दीड वर्ष त्याच तारा, आणि मुंबईत! साध्या राउंडवाउंड तारेवर बारीक वेढे असतात, त्या खाचांत घाम, कातडीचा चुरा आणि दमट हवेचा गंज भरतो. आधी वरचे सूर मरतात आणि खाली उरतो तो 'ढब्ब' आवाज. वाजवून झालं की जुन्या बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसा, नुसतं एवढं केलं तरी तारा दुप्पट टिकतात असा माझा अनुभव आहे. पैसे नसायचे तेव्हा मी तारा पातेल्यात दहा मिनिटं उकळायचो. चहाच्या रंगाचं पाणी निघायचं. पूर्ण कोरड्या करून चढवल्या की दोन-तीन आठवडे पुन्हा झणझणीत. ते पातेलं आईने नंतर चुलीवर चढवू दिलं नाही ते सोडा. तुम्ही सरळ नवा सेट घ्या, ४५ ते १०५ गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी), निकेलचा. पिकअपच्या चौथाई पैशात काम होतं.

जुन्या तारा वाईटच असं मात्र नाही. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन फेंडरच्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या) तारा लावून वाजवायचा आणि तुटेपर्यंत बदलत नसे, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्या गोल, लाकडी आवाजावर जग वेडं झालं. तेव्हा तुम्हाला नक्की काय हवंय ते आधी ठरवा. तो आवाज हवा असेल तर तुमच्या तारांना हात लावू नका, चिखल म्हणणं बंद करा.

तारा बदलताना सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची, पण बघून घ्या. पहिल्या फ्रेटवर एक बोट, शेवटच्या फ्रेटवर दुसरं बोट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये फट किती राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) पाव वेढा घट्ट करा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. एका पावसाळ्यात मी घाईत एकदम पूर्ण वेढा मारला. नेक मागे वळली, पहिल्या चार फ्रेटांवर तार नुसती खरखरायची, आणि रविवारी गडकरी रंगायतनला कार्यक्रम. पूर्ण कार्यक्रम मी पाचव्या फ्रेटच्या वर वाजवून काढला. गायकाला पत्ता लागला नाही, ढोलकीवाल्याला लागला.

स्वस्त बेसमध्ये नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा बहुतेक वेळा उथळ कापलेल्या असतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर फट बघा, केसाएवढी हवी. नखाएवढी असेल तर पहिल्या दोन फ्रेटांवरचे सूर चढे लागतात आणि माणसाला वाटतं आपला कान गेला. हे काम चांगल्या कारागिराकडून करून घ्या, खाच जास्त कापली गेली तर नटच नवा बसवावा लागतो. पिकअपची उंची मात्र घरी बसून फुकटात जुळवता येते. ई तारेच्या बाजूचा स्क्रू थोडा घट्ट करून पिकअप खाली न्या. जाड तार पिकअपला फार जवळ असली की चुंबक तिला ओढतो आणि आवाज लडबडतो. माझ्या मते चिखलावरचा सगळ्यात स्वस्त इलाज हाच.

घूंचं बघा. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा. घूं एकदम कमी झालं आणि एक जरा कमी केल्यावर परत आलं, तर तुमच्या बेसमध्ये काही बिघाड नाही. जॅझ बेसचे दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप एकमेकांना उलटे गुंडाळलेले असतात, सारखे उघडले तरच एकमेकांचं घूं खातात. प्रिसिजन बेसचा पिकअप १९५७ साली दोन तुकड्यांत विभागला तेव्हापासून त्याला ही कटकट नाही. दुसरी परीक्षा, तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो का? होत असेल तर अर्थिंग ठीक आहे. उलट वाढत असेल किंवा काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची (तारा खालच्या टोकाला अडकवतात त्या भागाखालची) वायर सुटली असेल, सोल्डरचा एक डाग द्यायचं काम आहे. लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची टेप आणून मी आतली पोकळी मढवली होती. टेपच्या दोन पट्ट्या एकमेकींना खरोखर जोडल्या गेल्यात का हे मल्टिमीटरने तपासा, नाहीतर नुसती सजावट. त्याने ट्यूबलाइट आणि चार्जरची चिरचिर गेली. सिंगल कॉइलचं मूळ ५० हर्ट्झचं घूं राहिलं, ते टेपने जात नाही.

आता माझ्या नऊ हजारांची गोष्ट. नवे पिकअप टाकले आणि पहिल्याच दिवशी मित्रांना सांगत सुटलो, आवाज उघडलाय, खणखणीत झालाय. पिकअपबरोबर तारा पण नव्या चढवल्या होत्या हे सोयीस्कर विसरलो. पुढे एकदा लहर आली म्हणून जुने पिकअप परत बसवले, त्याच जातीच्या नव्या तारा लावल्या, दोन्ही वेळेस सुरावटीचा तोच तुकडा त्याच जागी बोट ठेवून थेट इंटरफेसमध्ये रेकॉर्ड केली, आवाजाची पातळी सारखी केली आणि भाच्याला म्हटलं, उलटसुलट लाव. दहा वेळा ऐकलं. सहा बरोबर आली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मग त्याने खोडी काढली, मधेच ब्रिजजवळ बोट ठेवून वाजवलेली फाइल घुसवली. ती मी दर वेळी ओळखली. फरक नव्हताच असं नाही, नवे थोडे जोरकस होते. नऊ हजारांएवढे नव्हते.

आणि एकट्याने वाजवून ठरवू नका. एकटा ऐकताना जो आवाज मखमली वाटतो तो ढोलकीच्या धुमात आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात बुडून जातो. बँडमध्ये ऐकू येतो तो जरा कर्कश, मधल्या पट्ट्यातला बेस, जो घरी वाजवला तर तुम्ही विकायला काढाल. चिखल कमी करायला आधी कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात घालायला सांगा. हे सांगायला धीर लागतो, मला सहा वर्षं लागली.

पिकअप खरंच कधी बदलावेत? चारांपैकी एक तार सतत दबलेली येत असेल आणि उंची जुळवून फरक पडत नसेल, मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारत असेल, किंवा कॉइलच तुटली असेल तर. तेही नेक तुमच्या हाताला आवडत असेल तरच. नेक पिळलेली असेल, फ्रेट उठलेले असतील तर त्या बेसवर एक रुपया घालू नका, विका. नवा घ्यायचा झाला तर ९ व्होल्टच्या बॅटरीवाला ॲक्टिव्ह बेस स्वस्तात घेताना पॅसिव्हचं, म्हणजे बॅटरीशिवाय चालवायचं, बटण आहे का ते बघा. केबल रात्रभर लावून ठेवली की बॅटरी संपते, आणि बटण नसेल तर भर मंडपात बेस मुका होतो. आमच्याकडे तो मान गणपतीच्या सातव्या दिवशी माझ्याकडे आला होता.

नव्या तारा चढवून एकदा जॅम रूममध्ये वाजवा आणि काय झालं ते इथे लिहा. दुकानदार फोन करेल, त्याला सांगा पगार झाल्यावर बघू.