अबोला धरून ब्रँच ठरत नाही

तुमच्या दोन पानी पत्रात मुलगा चार ओळींत उरकलाय. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, ७१ टक्के, शिरोली एमआयडीसीत मेटल स्प्रेच्या, म्हणजे वितळलेला धातू फवारून थर चढवण्याच्या, खात्यात ट्रेनिंग केलं आणि आता त्यातच पुढं जायचं म्हणतो. बाकी सगळा मजकूर मेहुण्यांच्या आयटीतल्या मुलाचा. 'कॉम्प्युटर घेत नाही तोवर बोलणार नाही असं सांगितलंय,' हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. स्पष्ट सांगतो, मला काळजी ७१ टक्क्यांची नाही, या अबोल्याची वाटते. अशा दबावाखाली कॉम्प्युटर घेतलेली आणि दुसऱ्याच वर्षी विषय तुंबलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. तेव्हा मेहुणे सोबत नसतात.

आता 'गन धरून रंगारी होणार' असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. साखर कारखान्याच्या पंपाचा झिजलेला शाफ्ट डोळ्यासमोर आणा. तो लेथवर थोडा तासतात, ग्रिट ब्लास्टिंगनं, म्हणजे टोकदार कणांचा मारा करून, खरखरीत करतात. त्यानंतर त्याला उघडा हात लावायचा नाही, बोटांचा तेलकटपणा लागला तरी वर चढवलेला थर सुटू शकतो. मग तार किंवा पावडर ज्वाळेत, विजेच्या आर्कमध्ये नाहीतर प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतात, वितळवून मारतात. थेंब आपटून चपटे होतात आणि त्या खरखरीत आडव्यातिडव्या खाचांत घट्ट बसतात. एचव्हीओएफ या ऑक्सिजन-इंधनाच्या वेगवान ज्वाळेच्या पद्धतीत तर कण आवाजापेक्षा जास्त वेगानं जातात. शाफ्ट मात्र सहसा १५० अंशांच्या आतच ठेवतात, त्यामुळं वेल्डिंगसारखा वाकत नाही. शेवटी ग्राइंडिंग करून मापात आणतात. कुठं निकेल-क्रोम, कुठं टंगस्टन कार्बाइड, थर किती जाड, हे ठरवायला धातूशास्त्र लागतं. विमानाच्या टर्बाइनची पातीही अशाच थरांवर तग धरतात.

मार्ग साधा आहे: डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला मेटलर्जी म्हणजे धातूशास्त्र, नाहीतर मेकॅनिकल. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेत यावर संशोधन चालतं, हे त्याला सांगा.

त्याच्याशी भांडायचंच असेल तर या मुद्द्यावर भांडा: तिथं स्प्रेसाठी बंद बूथ आहे का, धूळ ओढणारी यंत्रणा चालते का, मास्क आणि कानाचं संरक्षण मिळतं का? निकेल-क्रोमचा धूर फुप्फुसाला वाईट, आणि प्लाझ्माचा आवाज कान बधिर करणारा. नुसता रुमाल बांधून काम चालत असेल तर ती जागा सोडायला लावा, विषय नव्हे.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. ट्रेनिंगची डायरी सोबत जोडली तर बरं.