नवीन बिऱ्हाड आलं की आधी काय करायचं?

प्रश्न : ताई, मी काटोलला राहते. आमच्या लेआउटमध्ये दोन वर्षांत चार नवीन बिऱ्हाडं आली, एक बँकवाले, दोघं शाळेतले सर, एक सिस्टर सरकारी दवाखान्यात आहे. माणसं चांगली आहेत पण मिसळतच नाहीत, शनिवार आला की कुलूप लावून नागपूर गाठतात, नाहीतर घर नागपुरातच ठेवून रेल्वेनं अपडाऊन सुरू करतात. मागच्या वर्षी आम्ही सगळ्यांचा सत्कार केला, शाल, नारळ, जेवण सगळं, तरी काही फरक नाही. आमचं काय चुकून राहिलं?

उत्तर : सत्कार केलात हे छानच केलंत हो, पण शाल-नारळ घेऊन माणूस पाहुण्यासारखा खुर्चीवर बसतो, जेवतो अन् घरी जातो, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे चमचाभर विरजण मागायला यायचं म्हटलं तर त्याला तेवढाच संकोच वाटतो जेवढा आधी वाटत होता.

मी स्वतः लग्नानंतर सांगलीकडून उमरेडला आले, तेही मार्चमध्ये. नळ किती वाजता येतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, तीन दिवस आम्ही विकतच्या कॅनवर काढले, मग शेजारच्या काकूंनी भिंतीवरून पाइप टाकला अन् म्हणाल्या, "अवो, पहाटे साडेपाचला उठत जा ना, नाहीतर भरणार कधी?" त्यांनीच सांगितलं की कूलर आत्ताच काढा, त्याच्या बाजूच्या गवताच्या ताट्या बदलून घ्या, एप्रिल लागला की मिस्त्री सापडत नाही. आमच्याकडे कूलर नव्हताच, इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो हे ऐकलं होतं पण अंगानं माहीत नव्हतं ना. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, सामान उतरलं त्याच संध्याकाळी एकानं, फक्त एकानंच, जाऊन नळाची वेळ, कचरागाडीची वेळ, आठवडी बाजाराचा वार, रात्री उघडा राहणारा मेडिकलवाला अन् एक मोबाइल नंबर एवढं सांगून यायचं. दहा जण गेले की घाबरतात बिचारे.

पण मी उमरेडची झाले ती पाण्यामुळे नाही. महिन्याभरानं त्याच काकू आल्या अन् म्हणाल्या, नातीचा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे, आम्हाला समजून नाही राहिलं, तू भरून दे. दोन तास लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथं माझी कुणाला तरी गरज आहे. तुम्ही नवीन लोकांना देता खूप, पण मागत काहीच नाही, मला तरी खरं दुखणं इथंच दिसतं. सरांना म्हणा रविवारी पोरांना तासभर गणित शिकवा, बँकवाल्यांना म्हणा गणपतीचा हिशोब तुमच्याकडे. सिस्टरांना मात्र रात्री बारा वाजता बीपी बघायला उठवू नका, त्यांची ड्युटी आधीच जड असते, त्यांना भुलाबाईची, म्हणजे भोंडल्यासारखी आपली इकडची, गाणी म्हणायला बोलवा.

तान्हा पोळा तर अजिबात चुकवू नका. विदर्भाबाहेरच्या लोकांना मोठा बैलपोळा माहीत असतो, दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात हे बहुतेकांना माहीतच नसतं. मग नवीन बिऱ्हाडातलं लेकरू फाटकात उभं राहून बाकीच्यांचे बैल बघत राहतं. मी हे पाहिलंय, फार वाईट वाटतं. आठ दिवस आधी सांगा, नाहीतर तुमच्या माळ्यावरचा जुना बैल द्या, रंग देऊन. लेकरू फिरलं की आई-बाप मागे मागे येतातच, अन् मग शनिवारचं कुलूप हळूहळू कमी होतं.

आणखी एक गोष्ट, कडू आहे पण लिहिते. आम्ही खोली शोधत होतो तेव्हा एका घरमालकानं भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारलं, मग जात विचारली अन् खोली नाही म्हणाला. दीक्षाभूमी ज्या जिल्ह्यात आहे, जिथं १९५६ साली बाबासाहेबांनी लाखो लोकांना घेऊन दीक्षा घेतली, तिथं हे अजून चालतं. तुमच्या लेआउटमध्ये असं होत असेल तर सत्काराच्या आधी ते थांबवा, त्या घरमालकाशी बोलायची हिंमत तुम्हा जुन्या लोकांनाच करावी लागेल, नवीन माणूस ते करू शकत नाही.

प्रश्न : मी रामटेकला भाड्यानं राहायला आलोय. घरमालक म्हणतात करारबिरार कशाला, आपण घरचेच लोक. पण मतदार यादीत पत्ता बदलायचाय, गॅसबुक बदलायचंय. काय करू?

उत्तर : दादा, मालक चांगले असतील, तरीही करार कराच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी अन् नोंदणी केलेला असला पाहिजे, अन् नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, हे त्यांना प्रेमानं सांगा, खूप जणांना खरंच माहीत नसतं. तोच कागद पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे कामी येतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा, फॉर्म ६ नाही, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. ऑनलाइन होतो, नाही जमला तर तुमच्या भागातल्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथच्या अधिकाऱ्यांना, भेटा, बहुतेक वेळा ते जवळच्या शाळेतले शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका असतात. त्यांना भेटायला गेलात की चहा घेऊनच या, निम्म्या मोहल्ल्याची ओळख तिथंच होते.