इलियड या प्राचीन ग्रीक महाकाव्यात देवी अथीना ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरला फसवते, मग त्याला मारणाऱ्या ग्रीक वीर अकिलीसच्या विजयाला काय अर्थ?

अर्थ आहेच. इलियडचा कवी होमर याच्या जगात देव पाठीशी असले म्हणून पराक्रम उणा ठरत नाही. देव थोरांच्याच पाठीशी राहतात. २२ वा सर्ग पाहा. अकिलीस हेक्टरचा पाठलाग करतो, ट्रॉय नगरीभोवती तीन फेऱ्या होतात. चौथ्या वेळी झऱ्यांपाशी देवांचा राजा झ्यूस दोघांचं मरण तोलायला सोन्याचा तराजू धरतो, हेक्टरचं पारडं खाली जातं, म्हणजे मरण त्याचं ठरतं, आणि त्याचा पाठीराखा देव अपोलो त्याला सोडून जातो. अथीना हेक्टरचा भाऊ डिफोबसचं रूप घेऊन त्याच्यापाशी येते ती यानंतर. अकिलीसचा चुकलेला भालाही ती परत देते. पण घावाची जागा अकिलीसच हेरतो: हेक्टरने घातलेलं चिलखत अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस ते घालून लढला तेव्हा त्याला मारून त्याच्या अंगावरून काढलेलं, म्हणजे मुळात अकिलीसचंच, आणि ते गळ्याशी उघडं आहे. फसवणूक कळूनही हेक्टर तलवार उपसून धावतो, पुढच्या पिढ्यांनी ऐकावं असं काही करून मरायचं म्हणून. माझ्या मते या सर्गातली मोठी कीर्ती त्याचीच.