ग्रहण सातव्या महिन्यात, बोटं दुसऱ्या महिन्यात

प्रश्न : माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका जुळलेली आहेत. एक्स-रेत दोन्हींच्या मध्ये आणखी एक बोट दिसलं. मला सातवा महिना असताना ग्रहण होतं आणि मी विळीवर भाजी चिरली होती. सासूबाई चारचौघांत तेच काढतात. माझ्यामुळे झालं का? पुढच्या बाळाला होईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी महिने मोजा. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हातांचे कोंब फुटतात आणि आठवा संपेपर्यंत बोटं सुटी होतात. तुम्ही विळीवर बसलात तेव्हा मुलीचा हात घडून चार महिने उलटले होते. तुमच्यामुळे काही झालेलं नाही.

तुमच्या वर्णनावरून हा सिनपॉलिडॅक्टिलीचा, म्हणजे बोटं जुळलेली आणि त्यांत एखादं जास्तीचं बोट असण्याचा, प्रकार वाटतो. त्याचं एक मुख्य कारण 1996 साली सापडलं : दुसऱ्या गुणसूत्रावरचं हॉक्स-डी-13 हे जनुक. त्याच्या प्रथिनाच्या माळेत अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे 15 मणी ओळीने असतात. अशा घराण्यांत ते 22 किंवा त्याहूनही जास्त ओवले जातात. मणी जितके जास्त, तितका दोष साधारणपणे ठळक.

पण एकाच घरात तो कमीजास्तही दिसतो. माझ्याकडे असंच बाळ घेऊन एक जोडपं आलं होतं. ती सून मान वर करत नव्हती. वडील फॉर्मवर सही करताना मला त्यांची करंगळी आत वळलेली दिसली. दुसऱ्या हाताचीही तशीच. चप्पल काढायला सांगितली, तर पायाची शेवटची दोन बोटं अर्ध्यापर्यंत चिकटलेली. सोबतची आजी सहज म्हणाली, “आमच्यात सगळ्यांच्याच करंगळ्या अशा.” घरात इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं!

म्हणून दोन्ही घरच्यांचे हातपाय बघा. दोष एकीकडून काढून दुसरीकडे टाकण्यासाठी नव्हे. जनुक कुणी निवडून देत नाही. आधी मुलीच्या रक्ताची जनुकीय तपासणी करा, बदल सापडला तर तुमची दोघांची. तुमच्यापैकी एकात तो असेल तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता 50 टक्के. दोघांतही नसेल तर फारच कमी.

हाताच्या सर्जनना आत्ताच दाखवून ठेवा, शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वाढदिवसानंतर करतात. आणि समुपदेशनाला जाताना सासूबाईंना सोबत न्या. महिन्यांचा हिशेब त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवा.